अशिलाचा पैसा, वकिलाचे मौन

२०२३च्या जानेवारीत कराडहून ताईचा फोन आला. आवाज चढलेला. "अरे, तो तिकडचा वकील विचारतोय, पैसे कुठून आणले म्हणून. आपण काय चोर आहोत का?"

भाचा इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. तिथे त्याने घर ठरवले होते. सुरुवातीच्या रकमेला हातभार म्हणून ताई आणि दाजींनी गावाकडची बावीस गुंठे जमीन विकून पंचेचाळीस लाख रुपये बँकेमार्फत पाठवायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, नातेवाइकाला भेट म्हणूनही देता येते. त्यामुळे इकडे काही अडचण नव्हती. अडचण आली ती तिकडून. भाच्याच्या सॉलिसिटरने दोन पानांची यादी पाठवली होती. देणारे कोण, त्यांचे पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, जमीन त्यांच्या नावावर होती याचा पुरावा, विक्रीचे खरेदीखत, आणि या सगळ्याचे इंग्रजी भाषांतर. सातबारा आणि फेरफार यांचे इंग्रजी करून देण्याचे काम अर्थातच मामाकडे आले. 'पोटखराबा' हा शब्द रेडिंगच्या वकिलाला कसा समजावावा यात माझी एक संध्याकाळ गेली.

आठवड्याने दुसरे पत्र आले. खरेदीखतात किंमत अठ्ठेचाळीस लाख आहे आणि ती चेकने खात्यावर आलेली दिसते, ठीक. पण त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्याच खात्यात तीन हप्त्यांत सहा लाख रुपये रोख भरलेले दिसतात. ते कशाचे?

दाजी म्हणाले, "लिही की, उसाचं बिल."

मी एका सहकारी बँकेत एकवीस वर्षे काउंटरवर काढली आहेत. उसाचे बिल कारखान्याकडून खात्यावर जमा होते, कुणी पिशवीतून आणून भरत नाही, हे मला माहीत होते आणि दाजींनाही. ते पैसे कशाचे होते ते वाचकांनीही ओळखले असेल. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार दोन भावांत होतो, एक कागदावरचा आणि एक वरचा. वरच्या पंधरा लाखांपैकी सहा दाजींनी बँकेत भरले होते. "माझी शेतजमीन, हद्दीबाहेरची, तिच्या नफ्यावर कर नाहीच. मग मी काय बुडवलं?" हे त्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते खरेही होते. बुडाले ते मुद्रांक शुल्क, आणि तेही घेणाऱ्याचे. शिवाय घेणाऱ्याकडे पंधरा लाख रोख आले कुठून हा प्रश्न उरतोच.

या दोन पत्रांमुळे मी या विषयात शिरलो. कायद्याचे माझे शिक्षण झालेले नाही. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर निकालपत्रे वाचण्याचा नाद लागला, आणि इंग्लंडची निकालपत्रे फुकट वाचायला मिळतात एवढीच माझी पात्रता. पण बँकेच्या कारकुनाला ग्राहकाची ओळख पटवायला, संशय आला तर वर कळवायला लावतात ते समजते. वकिलाने आपल्याच अशिलावर असा पहारा का ठेवावा, आणि त्या वकिलावर पहारा कोणी ठेवायचा, हे दोन प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईनात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका खात्यात आहे. इंग्लंडमध्ये घर घेताना आपण पैसे विकणाऱ्याला देत नाही. ते आपल्या सॉलिसिटरच्या 'क्लायंट अकाउंट'मध्ये जातात, तिथून समोरच्याच्या सॉलिसिटरच्या क्लायंट अकाउंटमध्ये, आणि मग विकणाऱ्याकडे. हे खाते फर्मच्या नावाने असते. शेकडो अशिलांचे पैसे त्यात एकत्र असतात, कोणाचे किती हे फर्मच्या वहीत. बँकेला बाहेरून फक्त एका प्रतिष्ठित फर्मचे नाव दिसते. आता मी एखाद्या बँकेच्या खिडकीत बसलो आहे आणि माझ्यासमोर चार लाख पौंडांची जमा आली असे समजा. पाठवणारा कोणी अनोळखी परदेशी कंपनीवाला असेल तर मी दहा प्रश्न विचारेन. पाठवणारी जुनी सॉलिसिटर फर्म असेल तर शिक्का मारून पुढे ढकलेन. काळ्या पैशाला हवी असते ती हीच पाटी. पैसा वकिलाच्या खात्यातून एकदा फिरून आला की त्याच्या अंगाला कोर्टाच्या आवारातला वास लागतो.

त्यामुळे इंग्लंडमधल्या हिशेबाच्या नियमांत एक साधा नियम आहे. खरेखुरे कायदेशीर काम असल्याशिवाय क्लायंट अकाउंटमधून पैसे फिरवायचे नाहीत. वकिलाने बँक व्हायचे नाही. या नियमाचे सगळ्यात वाचनीय प्रकरण पोर्ट्समाउथ फुटबॉल क्लबचे. क्लब आर्थिक गाळात होता आणि त्याला बँकेचे खाते राहिले नव्हते. तेव्हा फ्यूगलर्स या फर्मने आपले क्लायंट अकाउंट क्लबला वापरू दिले. काही महिन्यांत सुमारे एक कोटी पौंड त्यातून आले-गेले. पैसा गुन्ह्याचा होता असे कोणी म्हटले नाही. तरीही शिस्तपालन न्यायाधिकरणाने दंड केला आणि २०१४मध्ये हायकोर्टाने तो कायम ठेवला. का, तर वकिलाच्या खात्यावर लोक जो विश्वास टाकतात तो भाड्याने द्यायची वस्तू नाही, आणि बुडत्या क्लबच्या बाकीच्या देणेकऱ्यांचेही त्यात नुकसान होऊ शकते.

आता थोडा इतिहास, फार लांबवत नाही. १९८९मध्ये पॅरिसला सात श्रीमंत देशांच्या शिखर परिषदेत 'फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स' ही संस्था जन्मली. सगळे तिला एफएटीएफ म्हणतात. तिने १९९०मध्ये चाळीस शिफारशी केल्या. रोख होता बँकांवर, कारण पैसा अमली पदार्थांचा होता आणि तो बँकेच्या दारातूनच आत येत होता. बँकांची दारे आवळली तसा तो बाजूच्या दारांनी येऊ लागला. वकील, नोटरी, हिशेबनीस, जमीन-घरांचे दलाल, सराफ ही ती दारे. युरोपीय संघाने २००१च्या दुसऱ्या निर्देशात वकिलांना ओढले, एफएटीएफने २००३मध्ये. मात्र सगळ्या वकिलीला नाही. कोर्टात कोणाची बाजू मांडणे यात येत नाही. येतात ती ठरावीक कामे: स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री, अशिलाचा पैसा किंवा रोखे सांभाळणे, बँक खाती चालवणे, कंपनीसाठी भांडवल उभे करणे, कंपन्या व ट्रस्ट स्थापणे वा चालवणे. म्हणजे वकील जिथे वकील कमी आणि मध्यस्थ जास्त असतो ती कामे. ही यादी लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

इंग्लंडमध्ये याचे दोन पाय आहेत. २००२चा 'प्रोसीड्स ऑफ क्राइम ॲक्ट' गुन्हे सांगतो आणि मनी लाँडरिंगचे नियम, सध्या २०१७चे, कामाची पद्धत सांगतात. नियमांप्रमाणे फर्मने आपल्या धंद्यातली जोखीम लेखी मांडायची, प्रत्येक अशिलाची ओळख पटवायची, गरज पडेल तिथे पैशाचा उगम तपासायचा, आणि एक अधिकारी नेमायचा ज्याच्याकडे संशय कळवायचा. संशयास कारण असून कळवले नाही तर पाच वर्षांपर्यंत कैद. गुन्ह्याच्या पैशाची विल्हेवाट लावायला प्रत्यक्ष मदत केली तर चौदा. गुन्हा परदेशात घडला असला तरी चालतो. तेच कृत्य ब्रिटनमध्ये गुन्हा ठरले असते का एवढेच पाहतात. रकमेला खालची मर्यादा नाही आणि करचुकवेगिरीही यात बसते. कराडजवळच्या बावीस गुंठ्यांचे वरचे पैसे रेडिंगच्या वकिलाच्या टेबलावर का यावेत, याचा खुलासा या दोन वाक्यांत आहे.

पण वकील आणि बँकेचा कारकून यांत फरक आहे, आणि तो लहान नाही. माझ्या काउंटरवर येऊन कोणी मन मोकळे करत नसे. वकिलाकडे मात्र त्यासाठीच जायचे असते. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाच्या तोंडून काढता येत नाही हा विशेषाधिकार वकिलाचा नाही, अशिलाचा आहे. तो नसेल तर लोक वकिलालाही अर्धेच खरे सांगतील आणि मग सल्लाही अर्धाच मिळेल.

इथे मला वाचताना एक गंमत सापडली. १८८४चा कॉक्स आणि रेल्टनचा खटला या विषयात अजून उद्धृत होतो. रेल्टनविरुद्ध अब्रुनुकसानीच्या दाव्यात हुकूमनामा झाला होता. तो चुकवण्यासाठी काय करता येईल हे विचारायला तो आणि कॉक्स एका सॉलिसिटरकडे गेले, आणि नंतर मालमत्ता वाचवणारे मागच्या तारखेचे कागद निघाले. त्या सॉलिसिटरने साक्ष द्यावी का? कोर्ट म्हणाले, द्यावी. गुन्हा करण्यासाठी घेतलेला सल्ला हा वकिलीच्या कामाचा भागच नव्हे, त्याला संरक्षण कसले? हे निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. आणि हेच स्टीफन त्याआधी व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे विधी सदस्य म्हणून कलकत्त्यात होते. १८७२चा भारतीय पुरावा कायदा त्यांनीच रचला. त्या कायद्याच्या १२६व्या कलमात वकील-अशील गोपनीयता आहे आणि तिला जोडलेला अपवादही आहे, की बेकायदेशीर हेतू पुढे नेण्यासाठी केलेल्या संभाषणाला हे संरक्षण नाही. म्हणजे लंडनच्या कोर्टाने जे १८८४मध्ये ठासून सांगितले ते आपल्या कायद्यात बारा वर्षे आधीच छापलेले होते. आज ते कलम भारतीय साक्ष अधिनियमात १३२ क्रमांकाने आहे.

अपवाद स्पष्ट असला तरी मधला प्रदेश धूसर आहे. अशील गुन्हा करायला आलेला नाही, पण बोलता-बोलता किंवा कागद चाळताना वकिलाला काहीतरी खटकते, तेव्हा काय? ब्रिटनमध्ये २००२च्या कायद्यानंतर वकिलांची त्रेधा उडाली ती इथे. बोमन विरुद्ध फेल्स हे प्रकरण साधे घरगुती. एक जोडपे विभक्त झाले, घर पुरुषाच्या नावावर, बाईंनी हिस्सा मागितला. त्यांच्या सॉलिसिटरना कागदपत्रांवरून संशय आला की घराच्या दुरुस्तीचा खर्च समोरच्याने आपल्या धंद्याच्या हिशेबात आणि व्हॅटच्या विवरणात घुसडला आहे. झाले, घाबरून त्यांनी सरकारी यंत्रणेला कळवले, आणि परवानगी येईपर्यंत दावा पुढे चालवता येईना. विटा-सिमेंटच्या बिलावरून दिवाणी न्याय थबकला. मार्च २००५मध्ये अपील कोर्टाने निर्वाळा दिला की दावा चालवणे आणि त्यात रीतसर तडजोड करणे हे 'गुन्ह्याच्या पैशाची व्यवस्था लावण्यात' मोडत नाही, आणि या कायद्याने गोपनीयतेचा विशेषाधिकार पुसला गेलेला नाही. तेव्हापासून रेषा बरीचशी इथे आहे: कोर्टकचेरी एका बाजूला, खरेदी-विक्री आणि कंपन्यांची कामे दुसऱ्या बाजूला.

भाच्याचे काम त्या दुसऱ्या बाजूचे.

उसाच्या बिलाचे मी लिहिले नाही. ताईला सांगितले, खोटे लिहिले तर पोराच्या नावावर खोटे जाईल. दाजी दोन दिवस बोलले नाहीत. मग मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. सहा लाख ही जमिनीच्या किमतीतली खरेदीखतात न आलेली रोख रक्कम आहे. भेट म्हणून जे पंचेचाळीस लाख येतील ते पूर्णपणे चेकने आलेल्या रकमेतून असतील. रोखीतला रुपयाही पाठवला जाणार नाही. पत्र भाच्यामार्फत गेले.

त्यानंतर बारा दिवस सॉलिसिटरकडून एक शब्द नाही. भाचा ईमेल करतो, उत्तर येते, 'फाइल पाहत आहोत.' फोन केला तर सहायक म्हणते, साहेब मीटिंगमध्ये आहेत. घर विकणारे घाईला आलेले. ताई मला रोज विचारायची, "तू नेमकं काय लिहिलंस रे?"

या मौनाचा अर्थ मला नंतर वाचून कळला, म्हणजे कळला असे मला वाटते. वकिलाला संशय आला आणि काम पुढे न्यायचे असेल तर तो 'नॅशनल क्राइम एजन्सी'कडे अहवाल देऊन परवानगी मागू शकतो. एजन्सीला सात कामकाजाचे दिवस असतात. त्यात नकार आला नाही तर परवानगी मिळाली असे धरतात. नकार आला तर आणखी एकतीस दिवस थांबायचे, आणि २०१७च्या दुरुस्तीनंतर कोर्ट ही मुदत बरीच वाढवूही शकते. दरम्यान अशिलाला यातले काही सांगायचे नाही. सांगितले आणि त्यामुळे तपास बिघडण्यासारखे असले तर सांगणे हाच गुन्हा. वकील आपल्याच अशिलाला, ज्याच्या पैशावर त्याची फी निघते, 'मी तुझ्याबद्दल कळवले आहे' असे म्हणू शकत नाही. सात कामकाजाचे दिवस, मध्ये दोन शनिवार-रविवार, पत्र वाचायला एक दिवस. बारा दिवसांचा हिशेब जुळतो. पण जुळतो म्हणून तसेच झाले असेल असे नाही. साहेब खरोखरच मीटिंगमध्येही असतील.

आता दुसरा प्रश्न: वकिलावर नजर कोणाची?

ब्रिटनमधली उत्तरे चक्रावून टाकतात. बँकांवर सरकारी वित्त नियामक, म्हणजे फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी. वकील आणि हिशेबनिसांवर मात्र त्यांच्याच व्यावसायिक संस्था, आणि त्या एक-दोन नव्हेत, बावीस. इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरांसाठी कायद्याच्या परिशिष्टात नाव आहे ते 'लॉ सोसायटी'चे, म्हणजे सॉलिसिटरांच्या हिताची बाजू मांडणाऱ्या संस्थेचे. प्रत्यक्ष काम तिच्यापासून वेगळे केलेले 'सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी' करते. बॅरिस्टरांचे मंडळ वेगळे, नोटरींचे वेगळे, स्कॉटलंडचे वेगळे. आपल्याच वर्गणीवर चालणारी संस्था आपल्याच वर्गणीदारांना कितपत रागावेल? ही शंका सरकारलाही आली. २०१८मध्ये या बावीस पर्यवेक्षकांवर देखरेख करणारे एक पर्यवेक्षक कार्यालय वित्त नियामकाच्या छताखाली उघडले. त्याच्या २०१९च्या पहिल्या अहवालात आढळले की यांतल्या जवळपास पाव संस्था या बाबतीत कसलीच देखरेख करत नव्हत्या. काहीच नाही. आमच्या बँकेत सहकार खात्याचा ऑडिटर निदान चहा प्यायला तरी येत असे.

सॉलिसिटरांच्या नियामकाने मात्र त्या सुमारास कंबर कसली. २०१९मध्ये त्याने ४०० फर्मकडे त्यांचे जोखमीचे लेखी मूल्यमापन मागितले. पाचव्या हिश्श्याचे कागद नियमांत बसत नव्हते. कित्येकांनी बाजारात मिळणारा नमुनाच वापरला होता. हा प्रकार मला फार ओळखीचा वाटला. तपासणीच्या आदल्या रात्री केवायसीचे फॉर्म भरत बसलेले आम्ही कर्मचारी मला आठवले, एकाच पेनाने, एकाच अक्षरात.

मग दंड वाढत गेले. जानेवारी २०२२मध्ये मिश्कॉन डी रेया या लंडनच्या नामवंत फर्मला २,३२,५०० पौंड, दोन अशिलांच्या बाबतीत पुरेशी चौकशी न केल्याबद्दल आणि खात्यातून पैसे फिरू दिल्याबद्दल. जानेवारी २०२४मध्ये क्लाइड अँड कंपनीला न्यायाधिकरणाने पाच लाख. या प्रकरणांत वकिलांनी काळा पैसा धुतला असे सिद्ध झालेले नाही, तसा आरोपही नव्हता. दंड झाला तो न विचारल्याबद्दल, विचारल्याची नोंद न ठेवल्याबद्दल. यावर तिथल्या वकिलांची तक्रार अशी की नियामक कागद मोजतो, चोर पकडत नाही. खरा चोर कागद नीटच आणतो. तक्रारीत तथ्य आहे. रेडिंगच्या छोट्या फर्मला बावीस गुंठ्यांचे भाषांतर मागता येते. एकावर एक पाच कंपन्या रचलेल्या अशिलापुढे तिची काय मात्रा चालणार? पण मोठ्या फर्मनाही प्रश्न विचारता आले नाहीत, हे वरच्या दोन दंडांवरून दिसते.

ऑक्टोबर २०२५मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले की वकील आणि हिशेबनिसांवरची ही देखरेख व्यावसायिक संस्थांकडून काढून वित्त नियामकाकडे द्यायची. त्यासाठी संसदेचा कायदा लागतो. लॉ सोसायटीने लगेच विरोध केला. खर्च वाढेल हे एक कारण. दुसरे जास्त वजनाचे. वकील सरकारविरुद्धही उभा राहतो. सरकारी यंत्रणेने त्याच्या फायली उघडायच्या म्हटल्यावर तो किती मोकळेपणाने उभा राहील?

या प्रश्नावर देशोदेशी वेगवेगळी उत्तरे निघाली आहेत. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१५मध्ये वकिलांना लावलेली कलमे घटनाबाह्य ठरवली. सरकारचे हात होऊन अशिलाची माहिती गोळा करणे वकिलाच्या निष्ठेशी विसंगत आहे, असे म्हणून. तिथल्या वकीलसंघांनी स्वतःच ठरावीक प्रकरणे वगळता ७,५०० डॉलरहून जास्त रोख घ्यायची नाही असा नियम ठेवला आहे. अमेरिकेत वकिलांवर असे बंधन अजून नाही. तिथे 'ग्लोबल विटनेस' संस्थेचा माणूस छुपा कॅमेरा घेऊन न्यूयॉर्कच्या तेरा फर्ममधल्या सोळा वकिलांना भेटला. सांगितले, आफ्रिकेतल्या एका मंत्र्याचा पैसा नाव न दिसता अमेरिकेत आणायचा आहे. सोळांपैकी एकानेच त्याला तिथल्या तिथे दाराबाहेरची वाट दाखवली. बाकीच्यांनी कायदा मोडला नाही, कारण मोडायला कायदाच नव्हता. ऑस्ट्रेलियाने बरीच वर्षे टाळाटाळ करून २०२४मध्ये कायदा केला. वकिलांना तो १ जुलै २०२६पासून लागू.

मला सगळ्यांत शहाणपणाची वाटली ती फ्रेंच पद्धत. तिथे वकिलाने संशय थेट सरकारला कळवायचा नाही. आपल्या वकीलसंघाच्या अध्यक्षाला कळवायचा. अध्यक्षाने पाहायचे की यात गोपनीयतेचा भंग होत नाही ना, आणि मगच पुढे द्यायचे. मिशो नावाच्या वकिलाने ही सक्तीही नको म्हणून युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१२मध्ये तो हरला, आणि निकालात या मधल्या चाळणीला मोठे वजन दिले गेले. अशिलाचा पैसाही फ्रान्समध्ये वकिलाच्या स्वतःच्या खात्यात नसतो. तो वकीलसंघाच्या सामाईक निधीतून जातो आणि तिथे प्रत्येक देणे-घेणे तपासले जाते.

आणि आपण? आपल्याकडे घराच्या व्यवहारात पैसा वकिलाच्या खात्यातून जात नाही. घेणारा देणाऱ्याला चेक देतो, वकील कागद करतो, दुय्यम निबंधक नोंदवतो. इंग्लंडच्या धर्तीवर काम करणाऱ्या मुंबईच्या सॉलिसिटर फर्म आहेत, पण सामान्य माणसाचा त्यांच्याशी संबंध येत नाही. त्यामुळे 'आमच्या वकिलांना कशाला?' हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण ३ मे २०२३ रोजी केंद्र सरकारने मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली अधिसूचना काढली, तीत पाच कामे घातली: स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री, अशिलाचा पैसा सांभाळणे, खाती चालवणे, भांडवल उभारणी, कंपन्या-ट्रस्टची स्थापना. तीच एफएटीएफची यादी. ही कामे करणारे चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट कायद्याच्या कक्षेत आले. वकील नाहीत. सहा दिवसांनी आलेल्या दुसऱ्या अधिसूचनेत दुसऱ्यासाठी कंपनी स्थापून देणारे, नाममात्र संचालक होणारे, आपला पत्ता वापरू देणारे, कोणीही असोत, आले. मात्र कंपनी नोंदणीसाठी केवळ कायदेशीर घोषणापत्र दाखल करणाऱ्या वकील-अकाउंटंटांना वगळले. एकच काम सीएने केले तर त्याने अशिलाची चौकशी करायची आणि शेजारच्या टेबलावरच्या वकिलाने केले तर नाही, याचे समर्थन मला सुचत नाही.

उलट बाजूचे भयही आपल्याकडेच जास्त खरे आहे. जून २०२५मध्ये सक्तवसुली संचालनालयाने दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स काढले, अशिलाला दिलेल्या कायदेशीर मताबद्दल. ओरड झाली, समन्स मागे घेतले गेले, सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. मूळचे अमरावतीचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सांगितले की अशिलाची माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स काढता येणार नाही, कलम १३२च्या अपवादात बसत असेल तरच. आणि तेव्हाही कोणत्या तथ्यांवरून ते लिहायचे आणि पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या वरिष्ठाची लेखी संमती घ्यायची. स्टीफनसाहेबांचा अपवाद पुन्हा कामाला आला. ज्या देशात तपासयंत्रणा वकिलालाच बोलावू पाहते तिथे त्याच यंत्रणेला अहवाल पाठवण्याची सक्ती करावी असे मी म्हणणार नाही. फ्रेंच चाळणी इथे बसवायची तर ती बार कौन्सिलच्या हाती द्यावी लागेल, आणि बार कौन्सिलच्या शिस्तसमित्यांचा वेग ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काही सांगायला नको.

बँकेतली एक आठवण. आमच्या शाखेत एका वकिलांचे बचत खाते होते. त्यात जमिनीच्या व्यवहारांचे पैसे येत, दोन-तीन दिवस राहत आणि चार वेगळ्या नावांनी जात. दहा लाखांवरच्या रोखीचा अहवाल आम्ही पाठवत असू; संशयास्पद व्यवहाराचा वेगळा नमुना असतो, तो आमच्या शाखेतून माझ्या काळात एकदाही गेला नाही. मी एकदा व्यवस्थापकांना विचारले. ते म्हणाले, "वकीलसाहेबांना काय विचारायचं? ते अशिलाचे पैसे असतील." मी व्हाउचरवर सही केली. नंतरही करत राहिलो.

तेराव्या दिवशी रेडिंगहून ईमेल आला. शुक्रवारी करार होईल, पंचेचाळीस लाखांच्या भेटीचे पत्र दोघांच्या सहीने पाठवा. सहा लाखांबद्दल एक अक्षर नाही. भाच्याने नंतर एकदा, चावी घेताना, सहज विचारून पाहिले की मध्ये काही अडले होते का. सॉलिसिटर म्हणाला, अशा कामात वेळ लागतोच.

दाजींनी ते सहा लाख अजून त्याच खात्यात ठेवले आहेत. ते मला विचारत होते की त्यांच्या सातबाऱ्याची नक्कल त्या वकिलाने परत दिली का. नाही दिली. काम संपल्यापासून पाच वर्षे ती त्यांना ठेवावी लागते, म्हणजे २०२८पर्यंत. 'पोटखराबा'चे माझे भाषांतरही तिला जोडलेले आहे.